वनस्पतिज रंगांचे वस्त्रकाम आणि 'नैसर्गिक' हा निकष : घोड-भीमा खोऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

वनस्पतिज रंगांनी रंगवलेल्या वस्त्रांना गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात नवा ग्राहकवर्ग आणि नवी प्रतिष्ठा लाभली आहे. पुण्यामुंबईतील हस्तकला प्रदर्शने, खादीची दुकाने आणि लहान वस्त्रोद्योग यांतून अशी वस्त्रे विकली जातात; महाविद्यालयांच्या गृहविज्ञान व वस्त्रशास्त्र विभागांतून त्यांवर संशोधन होते. तथापि या वस्त्रांविषयी जे लिहिले जाते ते बहुतांशी एकाच विशेषणाभोवती फिरते. ते विशेषण म्हणजे 'नैसर्गिक'. वस्त्र नैसर्गिक रंगाचे आहे एवढे सांगितले की त्याचे मूल्यमापन पूर्ण झाले असे गृहीत धरले जाते. चित्राची समीक्षा करताना चित्रकाराने रंग कोठून आणले यावरून चित्राची प्रत कोणी ठरवत नाही. वस्त्राच्या बाबतीत मात्र रंगद्रव्याचे कूळ हाच कलामूल्याचा पुरावा ठरतो, ही वस्तुस्थिती विचार करण्याजोगी आहे.

वनस्पतिज रंगात काम करणाऱ्या वस्त्राभिकल्पकाचे, म्हणजे व्यवहारात ज्याला टेक्स्टाइल डिझायनर म्हटले जाते त्याचे, खरे अभिकल्पन कागदावर होत नाही. ते हिरडा, तुरटी, लोखंड यांच्या प्रक्रियेत, पाण्यात आणि बुडीच्या मोजणीत घडते. समीक्षेने ही क्रिया पाहिली नाही तर तिला वस्त्राचे गुणदोष सांगता येणार नाहीत, आणि ही क्रिया ज्याच्या हातून घडते तो रंगारी तिच्या नजरेतून सुटेल. प्रस्तुत विवेचनाचा हा मुख्य मुद्दा आहे.

त्यासाठी पुणे जिल्ह्यातील घोड-भीमेचा पट्टा संदर्भ म्हणून घेतला आहे. मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्याच्या पूर्व भागातील, दौंड तालुक्याच्या सीमेलगतचे गाव. ऊस, कांदा, डाळिंब ही या परिसराची पिके. दौंडकडील गुऱ्हाळे सर्वपरिचित आहेत. पैठण किंवा येवला यांच्याप्रमाणे वस्त्रांसाठी या पट्ट्याचे नाव घेतले जात नाही. नेमक्या याच कारणामुळे 'स्थानिक वनस्पतींपासून स्थानिक रंग' ही आज सर्वत्र ऐकू येणारी घोषणा येथे कोणत्याही पूर्वग्रहाविना तपासून पाहता येते.

कूळ आणि रंग

'नैसर्गिक' हा शब्द नेमके काय सांगतो, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. १८५६ मध्ये विल्यम पर्किन याने जांभळा संश्लेषित रंग तयार केला. १८६८ मध्ये ग्रेब आणि लीबरमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या वर्गातील युरोपीय वनस्पतीच्या मुळातील लाल रंजक, अलिझरिन, प्रयोगशाळेत बनवले. १८९७ मध्ये संश्लेषित नीळ बाजारात आली. यानंतर भारतातील निळीच्या लागवडीला उतरती कळा लागली, हा इतिहास परिचित आहे. त्यातील एक बाब मात्र समीक्षेच्या दृष्टीने दुर्लक्षित राहते. निळीच्या झाडापासून मिळणारा निळा आणि कारखान्यात बनलेला निळा यांतील मुख्य रंजकाचा रेणू एकच आहे. झाडाच्या निळीत काही अन्य घटक अल्प प्रमाणात असतात आणि प्रयोगशाळेत त्यावरून भेद करता येतो. परंतु अंगावरच्या कापडाकडे पाहून केवळ डोळ्यांनी तो करता येत नाही. कच्छच्या अजरख छपाईत मंजिष्ठेऐवजी संश्लेषित अलिझरिनचा वापर दीर्घकाळ होत आला आहे. तरीही त्या कापडाचा ठसा, त्याचा तोल आणि त्यातील लाल-काळ्याचा संबंध यांची प्रत केवळ तेवढ्या कारणाने खालावली असे कोणी म्हणू शकणार नाही.

याचा अर्थ कूळ महत्त्वाचे नाही असा नव्हे. कामगाराचे आरोग्य, नदीचे पाणी, शेतकऱ्याचे उत्पन्न या दृष्टींनी ते महत्त्वाचेच आहे. परंतु ते नैतिक आणि आर्थिक प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे कलासमीक्षेच्या खात्यात जमा केली की दोन्ही हिशेब चुकतात. रेशमाच्या शुद्धतेसाठी २००४ पासून सिल्क मार्क आहे, हातमागाच्या विणीसाठी २००६ पासून हँडलूम मार्क आहे. पहिला धाग्याविषयी बोलतो, दुसरा मागाविषयी. रंगाविषयी दोन्ही मौन बाळगतात. ती पोकळी विक्रेत्याचे शब्द भरून काढतात आणि समीक्षक तेच शब्द उचलतो.

दुसरा गैरसमज पक्केपणाविषयीचा आहे. पूर्वीचे रंग पक्के आणि आजचे कच्चे, अशी समजूत सार्वत्रिक आहे. वस्तुतः जुन्या रंगाऱ्याला पक्का आणि कच्चा या दोन्ही प्रकारांचे उत्तम ज्ञान होते आणि तो दोन्ही वापरत असे. मराठी मनाला अत्यंत प्रिय असलेला कुसुंबी रंग हे याचे ठळक उदाहरण होय. करडईच्या पाकळ्यांत पिवळा व तांबडा असे दोन रंजक असतात. पिवळा पाण्यात धुऊन काढायचा, मग क्षाराच्या पाण्यात तांबडा सोडवून घ्यायचा आणि आंबट घालून तो कापडावर बसवायचा, अशी ही नाजूक क्रिया. एवढा खटाटोप करून मिळणारा तो तेजस्वी गुलाबी-तांबडा उन्हात उडतो आणि क्षाराने उतरतो. म्हणजेच कुसुंबी हा स्वभावतःच कच्चा रंग. तो पागोट्याला, शेल्याला, सणाच्या वस्त्राला दिला जाई आणि उतरल्यावर पुन्हा चढवला जाई. रोजच्या वापराच्या, पाण्यात आपटल्या जाणाऱ्या कापडासाठी रंगारी आलीच्या मुळाचा, म्हणजे बारतोंडीचा, लाल किंवा निळीचा निळा निवडत असे. कोणत्या वस्त्राला किती आयुष्याचा रंग द्यावा हा निर्णय येथे वस्त्राच्या उपयोगावरून होत होता. अभिकल्पन म्हणतात ते याहून निराळे काही नाही.

मराठीतील रंगनामांकडे पाहिले तरी हे जाणवते. अंजिरी, डाळिंबी, आमसुली, अबोली, जांभळा, वांगी, पिस्तई : आपली बरीचशी रंगनामे वनस्पतींवरून आली आहेत. मात्र डाळिंबी रंग डाळिंबापासून निघत नाही (डाळिंबाच्या सालीचा रंग मळकट पिवळा असतो) आणि जांभळा जांभळापासून काढला जात नसे. नाव दिसण्यावरून पडले, कृती वेगळीच राहिली. आजच्या प्रदर्शनांतील माहितीपत्रके नेमकी येथेच फसतात. फुलाचे नाव आले की रंगही त्या फुलासारखा दिसेल अशी अपेक्षा ती निर्माण करतात.

हिरडा, तुरटी आणि लोखंड

वनस्पतिज रंगांपैकी फार थोडे रंग कापडावर आपण होऊन बसतात. बहुतेकांना रंगबंधक लागतो, म्हणजे तंतू आणि रंजक या दोघांनाही धरून ठेवणारे धातूचे क्षार. तुरटी आणि हिराकस हे त्यांतील दोन प्रमुख होत. रेशीम व लोकर हे प्राणिज तंतू तुरटी सहज धरतात. सुताचे तसे नाही. सुती कापड प्रथम खळ आणि तेलकटपणा जाईपर्यंत उकळावे लागते. नंतर कापडाच्या वजनाच्या सुमारे १५ ते २० टक्के हिरडापुडीच्या पाण्यात ते बुडवून वाळवावे लागते. हिरड्यातील टॅनिन सुताला चिकटते, त्या टॅनिनला तुरटी धरते आणि मग तुरटीला रंग. ही साखळी एका ठिकाणी कच्ची राहिली तर पुढची सर्व मेहनत पहिल्या धुण्यात पाण्याबरोबर जाते.

येथे एक गोष्ट घडते जी कागदावरच्या अभिकल्पनात घडू शकत नाही. एकाच हिरडा दिलेल्या कापडावर एका जागी तुरटीचा लेप आणि दुसऱ्या जागी लोखंडाच्या पाण्याचा लेप ठशाने उमटवला, तर लोखंडाची जागा लगेच काळवंडते. तुरटीची जागा मात्र जवळजवळ अदृश्य राहते. ते कापड मंजिष्ठेच्या किंवा आलीच्या काढ्यात उकळले की तुरटीची जागा लाल होते, लोखंडाची अधिक गडद काळी. पातेले एक, काढा एक, रंग दोन. छपाई करणारा कारागीर येथे पुढे उमटणाऱ्या रंगाची पूर्वतयारी छापत असतो. काम करीत असताना त्याला आपले चित्र अर्धेच दिसते. कच्छची अजरख असो वा आंध्रातील कलमकारी, दोन्हींची रचना याच अर्ध्या अदृश्य अवस्थेवर उभी आहे. अशा वस्त्राच्या समीक्षेत केवळ वेल, बुट्टी, काठ यांचे वर्णन करणे म्हणजे कवितेच्या समीक्षेत केवळ तिचे हस्ताक्षर वर्णन करण्यासारखे होय.

आता घोड-भीमेकडे वळता येईल. मांडवगण फराटा किंवा आसपासच्या गावांत रंगासाठी सहज उपलब्ध होणारी सामग्री कोणती? कांद्याची टरफले, डाळिंबाची साल, दसरा-दिवाळीचा झेंडू, बाभळीची साल आणि शेंगा, कोरडवाहू रानात घेतली जाणारी करडई. ही यादी आकर्षक वाटते. परंतु तुरटीवर कांदा सोनेरी पिवळा देतो, झेंडू पिवळा, डाळिंब मळकट पिवळा, बाभूळ तपकिरी. लोखंड घातले की हे सर्व शेवाळी, राखी आणि काळपट होतात. करडईचा तांबडा कच्चा, हे वर आलेच आहे. म्हणजे या पट्ट्यात ना पक्का लाल आहे, ना निळा. आणि निळा नसल्यामुळे खरा हिरवाही नाही, कारण वनस्पतिज रंगात हिरवा हा बहुधा निळ्यावर पिवळा चढवूनच मिळवावा लागतो. त्यातही पिवळा आधी उडतो. युरोपातील जुन्या भिंतपटांवरील झाडांची पाने आज निळसर दिसतात त्याचे कारण हेच आहे.

यावरून निघणारा निष्कर्ष 'स्थानिक रंग' या घोषणेला अडचणीचा आहे. महाराष्ट्रातील रंगकाम पूर्वीही केवळ गावशिवारातील वनस्पतींवर चालत नव्हते. आल वऱ्हाड-खानदेशाकडची, नीळ बाजारातून, हिरडा सह्याद्रीतून. तुरटीचे उत्पादन कच्छमध्ये होत असे. रंगारी हा बाजारपेठेशी जोडलेला कारागीर होता. त्याला रानातून पाला वेचणारा भाबडा ग्रामीण बनवणे ही आजच्या शहरी कल्पनेची करामत आहे. केवळ शिवारात मिळते तेवढ्यावरच काम करण्याचे बंधन अभिकल्पकाने स्वतःवर घालून घेतले तर त्याची वस्त्रे एका पिवळ्या-तपकिरी पट्ट्यात अडकून पडतात. बाजारात अशा वस्त्रांच्या फिकट, मातकट छटांना 'सौम्य' आणि 'मृद्गंधी' अशी विशेषणे लावली जातात. ती अनेकदा निवड नसून मर्यादा असते.

या खोऱ्याचा स्वतःचा म्हणता येईल असा एक रंग मात्र आहे आणि तो काळा. भीमा भीमाशंकरला उगम पावते, घोड आंबेगावच्या पश्चिम डोंगरात. जुन्नर-आंबेगावचा हाच डोंगरी भाग हिरड्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील महादेव कोळी कुटुंबांच्या वार्षिक रोख उत्पन्नात हिरड्याचा वाटा मोठा असतो. कोवळा वाळवलेला बाळहिरडा मुख्यतः औषधासाठी जातो, पक्व फळ टॅनिनसाठी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात येथील हिरड्याच्या झाडांचे मोठे नुकसान झाले आणि भरपाईचा प्रश्न पुढे दीर्घकाळ गाजत राहिला. खोऱ्याच्या माथ्यावर हिरडा आणि पायथ्याशी दौंडचा गूळ. गूळ, पाणी आणि गंजके लोखंड एकत्र करून दोन-तीन आठवडे आंबवले की लोहपाणी तयार होते. कलमकारीतील काळी रेघ याच पाण्याची असते. हिरड्यावर हे पाणी पडले की काळा उमटतो. संक्रांतीची काळी चंद्रकळा हे तर मराठी स्त्रीजीवनातील अत्यंत जिव्हाळ्याचे वस्त्र. पैठणीच्या परंपरेतही काळ्यावर तांबड्या काठाची चंद्रकळा मानाची मानली जाते.

पाण्याचा मुद्दाही येथे येतो. दख्खनच्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. पाठ्यपुस्तके जड पाणी रंगकामाला वाईट ठरवून मोकळी होतात. हे सरसकट खरे नाही. मंजिष्ठ आणि आल यांच्या लालाला चुन्याचा अंश लागतोच. मृदू पाण्यात तो लाल खुलत नाही आणि वरून चुना घालावा लागतो. नदीच्या पाण्याची गोष्ट निराळी. मुळा-मुठेतून पुणे शहराचे सांडपाणी भीमेत येते, त्यामुळे भीमाकाठी रंगकाम करू पाहणाऱ्याला नदीऐवजी विहिरीचा विचार करणे भाग आहे.

रंगारी आणि अभिकल्पक

१८६६ मध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन याने भारतीय वस्त्रांच्या नमुन्यांचे १८ खंड सिद्ध केले. त्यांत ७०० नमुने होते आणि असे २० संच बनवले गेले. १३ ब्रिटनसाठी, ७ भारतासाठी. प्रत्येक नमुन्यासोबत स्थळ, लांबी-रुंदी, वजन, किंमत यांसारखा तपशील दिलेला असे. हेतू उघड होता. भारतीय गिऱ्हाइकाला काय आवडते ते इंग्लंडमधील गिरणीमालकांना कळावे, म्हणून हा खटाटोप. कापडाचा तुकडा कापून घेतला गेला, तो कोणी रंगवला हे नोंदवण्याची गरज भासली नाही. नमुना एकीकडे आणि हात दुसरीकडे अशी ही फारकत पुढे आपल्या कलाशिक्षणातही मुरली. वस्त्राभिकल्पाचा विद्यार्थी दीर्घकाळ कागदावर, पोस्टर रंगांत, पुनरावृत्त होणारी नक्षी काढून उत्तीर्ण होत आला आहे. पोस्टर रंगाला हिरडा लागत नाही.

त्याच शतकात याच्या उलट एक उदाहरण आढळते. विल्यम मॉरिस १८७५ नंतर टॉमस वॉर्डल याच्या लीक येथील रंगशाळेत जाऊन निळीच्या पिंपात स्वतः हात घालून काम शिकला. वॉर्डलने इंडिया ऑफिससाठी भारतीय रंजकांची तपासणी केली होती. मॉरिसची निळीवर रंग काढून केलेली पुढील काळातील छपाईची वस्त्रे त्या शिक्षणाविना संभवली नसती. अर्थात मॉरिस हा सधन आणि नामांकित होता. त्याचे निळे हात ही आख्यायिका झाली. आपल्याकडील निराळी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या निळीत हात असलेली जात, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतील एक नोंद होऊन राहिली. भावसार आणि रंगारी यांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. पुण्यात १८९२ च्या सार्वजनिक गणपतीमुळे भाऊ रंगारी हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. ते ज्या रंगकामाच्या व्यवसायावरून पडले त्याची आठवण क्वचितच निघते.

याला छेद देणारे उदाहरण म्हणून कच्छमधील इस्माईल महंमद खत्री यांचा उल्लेख करावा लागेल. जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडका येथील अनेक खत्री कुटुंबे नव्या अजरखपूर गावी स्थलांतरित झाली. २००३ मध्ये ब्रिटनमधील डी माँटफर्ट विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. रंगारी हाच अभिकल्पक असतो याची ही संस्थात्मक कबुली होती. महाराष्ट्रात असा एकही रंगारी विद्यापीठीय चर्चेत ठळकपणे दिसत नाही, ही उणीव रंगाऱ्यांची नसून चर्चेची आहे.

दोन वर्तमान उदाहरणे

वर्धा येथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. ग्रामोद्योगाच्या ज्या विचारातून ते उभे राहिले त्याचे प्रमुख भाष्यकार जे. सी. कुमारप्पा हे मगनवाडीतच काम करीत होते. आज या संस्थेच्या वतीने वनस्पतिज रंगांची खादी तयार केली जाते. या खादीविषयी बोलताना स्वावलंबन, सेंद्रिय कापूस, पर्यावरण यांचा उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. परंतु अशा खादीचा एक गुण या भाषेत मावत नाही. हातसुताचा पीळ सर्वत्र सारखा नसतो. जेथे पीळ सैल तेथे रंग अधिक शिरतो, जेथे घट्ट तेथे कमी. त्यामुळे एकरंगी कापडातही बारीक हालचाल दिसते आणि नक्षीची गरजच उरत नाही. गिरणीच्या सुतावर हाच रंग सपाट आणि काहीसा निर्जीव वाटतो. सूत आणि रंग यांचा हा मेळ म्हणजेच येथील अभिकल्पन. 'साधेपणा' या एका शब्दात ते गुंडाळणे अन्यायाचे आहे.

मुंबईतील रूपा त्रिवेदी यांच्या 'आदिव प्युअर नेचर' या उद्योगाची वाट निराळी आहे. सिद्धिविनायक मंदिरातील निर्माल्याची फुले घेऊन त्यांपासून तेथे वस्त्रे रंगवली व उमटवली जातात. कापडावर पाकळ्या मांडून, ते गुंडाळून वाफवण्याच्या पद्धतीत फुलाचा ठसा आणि रंगाचा पसारा दोन्ही एकदम येतात. दोन कापडे सारखी होत नाहीत. या पद्धतीत यदृच्छेला मोठे स्थान आहे आणि धोकाही तेथेच आहे. जी वस्त्रे उत्तम उतरतात त्यांत पाकळ्यांची विरळ-दाट मांडणी, कापडाची रिकामी जागा आणि रंगबंधकाची निवड यांमागे स्पष्ट शिस्त जाणवते. या पद्धतीचे अनुकरण आता अनेक ठिकाणी होते आणि अनुकरणांत शिस्तीची जागा नशीब घेते. सगळे कापड डागांनी भरून जाते. निर्माल्याची कथा हृद्य आहे, यात शंका नाही. पण कथा कापडाआधी पोहोचली की पाहणारा कापड पाहतच नाही. देवाच्या पायीचे फूल म्हटल्यावर डागाला डाग कोण म्हणणार?

संशोधनपत्रांतील रंग

या विषयावरील महाविद्यालयीन संशोधनाचा विचार केल्याशिवाय ही चिकित्सा अपुरी राहील. जर्मनीने १९९४ मध्ये काही विशिष्ट ॲझो रंगांवर निर्बंध घातले, पुढे भारतातही अशा रंगांवर बंदी आली आणि वनस्पतिज रंगांवरील संशोधनाला जोर चढला. १९८७ मध्ये मोहंती, चंद्रमौळी आणि नाईक यांचा भारतीय नैसर्गिक रंगप्रक्रियांवरील ग्रंथ अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयाने प्रसिद्ध केला होता. त्यात कारागिरांच्या कृती, त्यांच्या क्रमासह, नोंदवल्या होत्या. त्यानंतरच्या बऱ्याच शोधनिबंधांचा साचा मात्र असा : परिसरातील एक वनस्पती घ्यायची, तिचा अर्क उकळायचा, त्यात कापड बुडवायचे, तुरटी, हिराकस, मोरचूद आणि पोटॅशियम डायक्रोमेट असे चार रंगबंधक लावून चार छटा तक्त्यात मांडायच्या, आणि 'ही वनस्पती रंगासाठी उपयुक्त आहे' असा निष्कर्ष काढायचा. वीस वनस्पतींतून तपकिरीच्या ऐंशी छटा जमा होतात.

यात तीन दोष संभवतात. डायक्रोमेटमधील क्रोमियम विषारी आणि कर्ककारक आहे. ज्या प्रदूषणापासून सुटका म्हणून वनस्पतीकडे वळायचे तेच रंगबंधकाच्या वाटेने परत आणायचे, ही विसंगती आहे. धुण्याचा पक्केपणा १ ते ५ या श्रेणीत मोजलेला असतो, पण उन्हाचा पक्केपणा, जो १ ते ८ या श्रेणीत मोजतात आणि ज्यात बहुतेक पिवळे नापास होतात, तो पुष्कळदा मोजलेलाच नसतो. तिसरा दोष अधिक खोल आहे. उपयुक्त म्हणजे कशासाठी उपयुक्त, हा प्रश्न विचारला जात नाही. एक किलो सूत रंगवायला कांद्याची टरफले त्याच्या निम्म्या वजनाइतकी तरी लागतात. ती गोळा कोण करणार, साठवणार कोठे, सरपण किती जळणार, आणि मिळालेला सोनेरी कोणत्या वस्त्राला शोभेल? जुन्या रंगाऱ्याने हे प्रश्न पहिल्या दिवशी विचारले असते.

याउलट फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे करडईवरील काम उद्बोधक आहे. करडईच्या काट्यांमुळे पाकळ्या वेचणे हा हात रक्ताळणारा उद्योग असतो. या संस्थेने 'नारी-६' हा बिनकाटेरी वाण विकसित केला. या कामाचा उद्देश रंग नव्हता, परंतु त्यामुळे पाकळी हे वेचता येण्याजोगे उत्पादन झाले. कुसुंबी पुन्हा वापरात यायचा असेल तर त्याची सुरुवात अशा ठिकाणी होते, प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात नव्हे.

काळ्याचा प्रश्न

घोड-भीमेच्या काळ्याविषयी एक बाब राहिली. हिरडा आणि लोखंड यांचा काळा सुंदर असतो, पण लोखंड सुताला कालांतराने खाते. संग्रहालयांतील जुन्या छापील कापडांत काळ्या रेघेच्या जागीच कापड विरलेले आढळते. लाल आणि निळा शाबूत, काळा गळालेला. आज राखी-काळ्या छटांची जी वस्त्रे 'पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी' म्हणून विकली जातात त्यांच्या बाबतीत हा दावा तपासून घ्यावा लागेल. जुन्या रंगाऱ्यांचा यावरील तोडगा असा होता की कापडाला आधी निळीच्या अनेक बुड्या देऊन ते गडद निळे करायचे आणि मग त्यावर हिरडा व थोडेच लोहपाणी द्यायचे. गडदपणाचा भार निळीवर जातो, लोखंड कमी लागते, कापडाचे आयुष्य वाढते. शिवाय त्या काळ्यात उन्हात धरल्यावर निळ्याची झाक दिसते, जी निव्वळ लोखंडाच्या काळ्यात कधीच नसते. चंद्रकळा या नावातील चंद्राची कल्पना अशा काळ्याशी अधिक जुळते, असे म्हणण्याचा मोह येथे होतो.

मांडवगण फराट्यासारख्या गावी एखाद्या अभिकल्पकाने हा काळा करावयास घेतला तर त्याला नीळ बाहेरून आणावी लागेल, हिरडा जुन्नर-आंबेगावच्या वेचणाऱ्यांकडून घ्यावा लागेल, गूळ शेजारच्या गुऱ्हाळातून मिळेल. किती बुड्या निळीच्या, लोहपाणी किती दिवसांचे, कोणत्या विहिरीचे पाणी, आणि बुड्या कोणी दिल्या, ही माहिती त्या साडीच्या कडेला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहिता येण्याजोगी आहे. तशी चिठ्ठी असलेले वस्त्र समोर आले तर समीक्षकाला 'नैसर्गिक' या शब्दावर न थांबता त्या बुड्यांचा आणि त्या काळ्याचा मेळ बसला की नाही, हे सांगता येईल.